नाताळचें जेवण आणि मुलांचे हात



‘बेथलेहेम’ ह्या हिब्रू नांवाचा अर्थ ‘भाकरीचें घर’ असा आहे. मग ख्रिस्तजयंतीच्या दिवशीं आम्ही मुलांस स्वयंपाकघराबाहेर कां घालवावें? फुगे तळावयास तापल्या तेलापाशीं वडिलांनींच बसावें; परंतु अंडीं फेंटणें, केळीचीं पानें पुसणें, पाणी वाढणें हीं कामें लहान हातांनाही साधतात. पक्वान्नें दोनच असोत. पण आई चुलीपाशीं एकटी न राहतां पंक्तीस बसो.

१२२३ सालीं असिसीच्या संत फ्रान्सिसनें ग्रेच्यो येथें गव्हाणीचा देखावा मांडला, तो प्रभूचें दारिद्र्य लोकांस डोळ्यांनीं दिसावें म्हणून. तेंच मुलांस ताटावरून कळो: शेजारच्या एकाकी वृद्धाचें ताट प्रथम त्यांच्याच हातून पोंचवूं, आणि मगच आम्ही प्रार्थना करून जेवूं.