वाजवणाऱ्यांची नावं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला विषय दिला होता 'सॉफ्टवेअर क्षेत्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता'. मी त्यांना म्हटलं, त्यावर आपली मुलंच घरी रोज आपल्याला भाषण देतात, आणखी मी कशाला? मला पंधरा मिनिटं पुस्तकांवर बोलू द्या. अभ्यासाच्या नव्हे, गाण्याबजावण्याच्या पुस्तकांवर. बँडच्या इतिहासावर. बँड म्हटल्याबरोबर मागच्या रांगेत हशा झाला, म्हणजे सगळ्यांना वरात आठवली. वरातीपर्यंत आपण येणारच आहोत, जरा दम धरा.

मला हा नाद लागला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर. खोलीतल्या मुलींच्या भिंतीवर परदेशी बँडची पोस्टर्स होती आणि पेठहून गेलेल्या मला त्यातली अर्धी नावं वाचताही येत नव्हती. मी गाण्यांच्या आधी पुस्तकांकडे वळले, कारण वॉकमनपेक्षा लायब्ररीचं कार्ड स्वस्त होतं. पुढे नोकरी लागली, वॉकमन आला आणि गेलाही, पुस्तकं राहिली. मराठीत वाचायचं असेल तर आमच्याच व्यवसायातले ज्येष्ठ अच्युत गोडबोले आहेत. त्यांनी सुलभा पिशवीकरांबरोबर 'नादवेध' लिहिलं, आणि नीलांबरी जोशींबरोबर पाश्चात्त्य संगीतावर 'सिंफनी'. परक्या संगीताची भीती घालवायला दुसरं पुस्तक फार चांगलं.

आता बीटल्स या बँडचंच घ्या. मार्क लुइसन नावाचे एक इतिहासकार त्यांचं चरित्र तीन खंडांत लिहायला बसले. पहिला खंड २०१३ साली आला. तो जाडजूड खंड १९६२ च्या अखेरीस संपतो, म्हणजे ही चार पोरं जगभर गाजायच्या आधीच! याच लुइसन यांनी १९८८ साली एक पुस्तक केलं होतं, त्यात या बँडचं कुठलं गाणं स्टुडिओत कुठल्या दिवशी, कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झालं याची नोंद आहे. मी ते वाचताना आमच्या कामाशी ताडून पाहिलं. आमच्याकडे प्रोग्रॅममधली प्रत्येक ओळ कुणी, कधी लिहिली याची नोंद आपोआप राहते. ती पाहायच्या आज्ञेत 'ब्लेम' असा शब्द आहे, म्हणजे दोष देणं. पण खरं तर ती श्रेयाचीही वही आहे. दहा वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलीचं नाव तिच्या ओळीपुढे अजून असतं.

आणि इथेच मला खटकायला लागलं. याच बीटल्सची १९६७ सालची एक प्रसिद्ध रेकॉर्ड आहे, 'सार्जंट पेपर'. तिच्या कव्हरवर जगभरच्या नामवंतांचे चेहरे दाटीवाटीने आहेत, त्यात आपल्याकडचे योगी-महाराजसुद्धा आहेत. आत जॉर्ज हॅरिसनचं एक पूर्ण हिंदुस्थानी वळणाचं गाणं आहे. त्यात दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवणारी लंडनमधली आपली माणसं होती. महाराजांचे फोटो छापले, यांची नावं नाही छापली. अण्णा जोशी आणि अमृत गज्जर दिलरुबावर, तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा. ही पूर्ण यादी जुळायला जवळपास पन्नास वर्षं गेली. मी ती नावं मुद्दाम इथे मोठ्याने घेतली. जानेवारी १९६८ मध्ये हाच हॅरिसन मुंबईत येऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करून गेला. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, संतूरवर शिवकुमार शर्मा. ही नावं आपल्याला माहीत आहेत, पण ती पुढे त्यांनी स्वतः मोठी केली म्हणून. शहनाई वाजवणाऱ्यांत एक हनुमान जाधवही होते. इंग्रजीत त्यांचं आडनाव 'जादेव' असं छापलेलं सापडतं. आपल्या दाखल्यांवर आडनावांची काय दशा व्हायची ते आठवलं ना?

नाव टिकतं कशामुळे, याची एक छान गोष्ट सांगते. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपता संपता बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. लोकांना तो नखरा वाटायचा. पण त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात छापल्या जायच्या. तिथल्या कामगाराला हे गाणं कुणाचं ते कळणार कसं? म्हणून गाणाऱ्याने नाव सांगायचं. आम्ही आज ज्याला 'मेटाडेटा' म्हणतो तो हाच, तोंडी. फक्त सारंगीवाल्याला आणि तबलजीला कुणी 'तुमचंही सांगा' म्हटलं नाही.

आता मुंबईकडे येते, कारण माझी सगळ्यांत आवडती दोन पुस्तकं तिथली आहेत. पत्रकार नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे २०१२ चं, मुंबईतल्या जॅझवर. आणि ग्रेगरी बूथ हे न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाचे प्राध्यापक, त्यांचं 'बिहाइंड द कर्टन' हे २००८ चं, हिंदी सिनेमाच्या वादकांवर. दोन्हींत गोष्ट एकच आहे, दोन टोकांनी सांगितलेली. १९३५ साली लिऑन अॅबी यांचा अमेरिकी कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. मुंबईत त्या वेळी गोव्याचे पुष्कळ वादक होते. पोर्तुगीज गोव्यात गावागावांतल्या चर्चच्या शाळेत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत, त्यामुळे हे लोक कागदावरचं संगीत आपण वर्तमानपत्र वाचावं तसं वाचत. ते या पाहुण्यांकडून जॅझ शिकले. पुढे दारूबंदी आली, हॉटेलांतलं काम आटलं आणि सिनेमाचं वाढलं.

सिनेमात यांचं काम काय, ते नीट समजून घ्या. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणणार. ती कागदावर उतरवायची, मधले तुकडे रचायचे, तीसचाळीस व्हायोलिनं, ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांना प्रत्येकी काय वाजवायचं ते लिहून द्यायचं, हे काम संयोजकाचं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसूझा होते. आपले सी. रामचंद्र, पुणतांब्याचे, त्यांच्यामागे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट होते, मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ. १९५१ च्या 'अलबेला'त ते आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात. भगवानदादांना पाहताना त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जातं? पुढच्या वेळी बघा. सिनेमाच्या पाट्यांवर अशा लोकांना फार तर 'सहायक' म्हणून जागा मिळायची, अनेकांना तीही नाही.

बूथ यांचं पुस्तक एका प्रश्नाने सुरू होतं: अँथनी गोन्साल्विस कोण? १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तलं अमिताभचं ते गाणं आपण गॅदरिंगला नाचलोय, अंड्यातून बाहेर यायला खोकाही रंगवला होता. ते नाव खऱ्या माणसाचं आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९५८ साली त्यांनी मुंबईत हिंदुस्थानी रागांवर आधारलेला मोठा वाद्यवृंद उभा केला, त्यात लताबाई आणि मन्ना डे गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले, नंतर गोव्यात परतले, २०१२ मध्ये वारले. साऱ्या देशाच्या तोंडी नाव, आणि माणूस कुणाला ठाऊक नाही! बूथ यांनी काय केलं? वादकांच्या घरी गेले, चहा घेतला आणि विचारलं. मला यात काही थोर पद्धतशास्त्र दिसत नाही. वेळेवर विचारणं, एवढंच. त्यातले किती तरी वादक तेव्हाच सत्तरी-ऐंशीत होते.

घ्या, आली वरात. बूथ यांनी त्याआधी, २००५ साली, लग्नातल्या बँडवाल्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं, 'ब्रास बाजा'. इंग्रजांच्या पलटणींतून आलेली ट्रम्पेट, क्लॅरिनेट, तोच गणवेश, आणि गावोगावहून सीझनपुरते आलेले वादक. दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव, वाजवणारा 'बँडवाला'. नवं गाणं नुसतं कानाने उचलून लग्नात वाजवणारी ही माणसं. त्यांच्यावर ऑक्सफर्डच्या प्रकाशनाने पुस्तक काढावं, याचा मला फार आनंद झाला.

आणि मग साहजिकच मनात आलं: आपल्या तालुक्याचं काय?

आपल्याकडे वरातीत बँड येण्याआधी संबळ होतं. बोहाड्याला रात्रभर सोंगं नाचायची, ती संबळ-सनईवर. सोंग बदललं की चाल बदलायची. डोंगऱ्या देवाला पावरी. आणि थाळकरी! काशाची थाळी, तिला मेणाने चिकटवलेली काडी, त्या काडीवरून बोटं ओढत रात्र रात्र कणसरीची कथा सांगणारा माणूस. लुइसनचे तीन खंड नकोत, पण त्या माणसाला पाठ असलेलं कुणी उतरवलं तर एक खंड सहज होईल. आपल्यापासून फार लांब नाही, जव्हारच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा, त्यांना तारप्यासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाद्याबरोबर नावही दिल्लीपर्यंत गेलं, म्हणून मला त्याचं जास्त अप्रूप.

एरवी आपल्याकडचे सरकारी फोटो आठवा. 'आदिवासी नृत्य' असं खाली लिहिलेलं, शेजारी मान्यवरांची नावं डावीकडून उजवीकडे. वाजवणारा मध्यभागी, आणि नाव नाही. १९९३ साली पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर' आलं. कॅसेट स्वस्त झाली आणि मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडून गावोगावची गाणी बाजारात आली, हे त्यात फार चांगलं मांडलंय. आता तर प्रत्येकाच्या खिशात स्टुडिओ आहे. यात्रेचे व्हिडिओ आपण गटावर टाकतोच. त्यांच्याखाली काय लिहितो? 'मस्त', 'आपली संस्कृती', आणि तीन बदामं. वाजवणाऱ्याचं नाव लिहायला तेवढाच वेळ लागतो.

म्हणून मी आज एक वही आणली आहे. जेवणाच्या टेबलाजवळ, बाईंच्या खुर्चीशेजारी ठेवली आहे. त्यात आपापल्या पाड्यावरच्या, गावातल्या वाजवणाऱ्यांचं नाव, गाव, वाद्य आणि कुणाकडून शिकले ते लिहा. हयात असतील तर घरच्यांचा नंबर लिहू नका, तो विचारून नंतर घेऊ. भाऊसाहेब असतील, बाबा असतील, तुमचे आजोबा असतील, लाजू नका. पावसाळ्याआधी आम्ही दोघीतिघी रेकॉर्डर घेऊन फिरणार आहोत. वही मी टाइप करून सगळ्यांना पाठवते, तेवढं सॉफ्टवेअर मला येतं.

पहिलं पान मी भरलंय, पण अर्धंच. आपल्या वेळी पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीला पुढे संबळ घेऊन चालणारे, उजव्या पायात जरा लंगडणारे बाबा आठवतात ना? सगळी शाळा त्यांना 'संबळवाले बाबा' म्हणायची. गाव मला कळलंय, वाद्य तर माहीतच आहे. नावाचा रकाना मोकळा आहे. सर, तुम्हाला ते आठवत असेल, तर जेवायला बसायच्या आधी मला सांगाल का?