बसच्या खिडकींतून आयर्लंड

युरोपच्या पश्चिम टोकास, अटलांटिक महासागराच्या कुशींत आयर्लंडचें बेट आहे. त्याचें क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडेंच अधिक. त्यामुळें आठ-दहा दिवसांच्या सहलींत त्याचा बराच भाग नजरेखालून घालतां येतो. अरुंद रस्त्यांवर स्वतः मोटार हांकण्याचें साहस ज्यांना नको, विशेषतः उतारवयांतील दांपत्यांना, वाटाड्यासह निघणारी बसची सहल फार सोयीची पडते. अशा सहलींत काय दिसतें, काय पाहावयाचें राहून जातें, आणि तें राहूं नये म्हणून प्रवाशानें काय करावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

सहलीचा क्रम ठरलेला असतो. सकाळीं सामान खोलीच्या दाराशीं ठेवावयाचें, न्याहरी करावयाची आणि नेमल्या वेळीं बसमध्यें येऊन बसावयाचें. पुष्कळ सहलींत बसण्याच्या जागा रोज बदलतात, म्हणजे पुढच्या खिडकीचा लाभ सर्वांस मिळतो. अनेकदां चालक हाच वाटाड्याहि असतो. गाडी चालवितां चालवितां तो राजांच्या आणि संतांच्या गोष्टी सांगतो, मध्येंच एखादें गाणेंहि म्हणतो. जेवणाची व मुक्कामाची चिंता नसते. उणीव एकच, ती वेळेची. प्राचीन मठासाठीं अर्धा तास आणि लोकरी कपड्यांच्या दुकानासाठीं पाऊण तास, असा उलटा हिशेबहि कधीं कधीं होतो.

आरंभ बहुधा डब्लिन शहरापासून होतो. तेथील ट्रिनिटी कॉलेजनें जपून ठेवलेला केल्सचा ग्रंथ सुमारें बाराशें वर्षांपूर्वींचा आहे. वासराच्या कातड्याच्या ३४० पानांवर भिक्षूंनीं तो लिहिला आणि रंगविला. जवळच ओकॉनेल रस्त्यावर टपालखात्याची मोठी इमारत आहे. २४ एप्रिल १९१६ रोजीं तिच्यापुढें उभें राहून पॅट्रिक पिअर्स यांनीं आयर्लंडच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला. पुढील महिन्यांत किल्मेनहॅमच्या तुरुंगांत चौदा पुढाऱ्यांस गोळ्या घालण्यांत आल्या. त्याच एप्रिलच्या २८ तारखेस लोकमान्य टिळकांनीं बेळगांवीं होमरूल लीगची स्थापना केली, आणि होमरूल हें नांव आयर्लंडच्याच चळवळीवरून घेतलेलें होतें, हें मराठी प्रवाशानें त्या इमारतीसमोर आठवावें.

तेथून बस पश्चिमेकडे निघते. वाटेंत शॅनन नदीच्या कांठीं क्लॉनमॅकनॉइझ येथें संत किअरन यांनीं सहाव्या शतकांत स्थापिलेल्या मठाचे अवशेष आहेत. उंच दगडी क्रूस, गोल मनोरे आणि छप्पर नसलेलीं देवळें पाहून प्रवासी गॉलवे शहरीं मुक्कामास पोंचतो. दुसऱ्या दिवशीं कॉनिमाराचा प्रदेश लागतो, आणि येथें बसमधील बोलणें आपोआप थांबतें. तपकिरी दलदल, निळसर डोंगर, काळींशार तळीं, मधूनच धांवती सर आणि तिच्यामागून ऊन. मैलच्या मैल घर दिसत नाहीं. प्रवासी म्हणतो, “किती शांत!”

ही शांतता मात्र सगळीच निसर्गाची नव्हे. वाटाड्यानें बोट दाखविलें तर डोंगरउतारांवर गवताखालीं एकासारखे एक समांतर उंचवटे दिसतात. ते बटाट्याचे जुने वाफे होत. १८४१ च्या शिरगणतींत या बेटावर सुमारें ८२ लाख लोक होते आणि गरिबांचा बहुतेक निर्वाह बटाट्यावर चाले. १८४५ सालीं बुरशीसारख्या एका रोगानें तें पीक जमिनींतच कुजविलें, आणि पुढेंहि तो पुनःपुन्हां उलटला. त्या दुष्काळांत सुमारें दहा लाख माणसें मेलीं व तितकीं तरी देश सोडून गेलीं. त्याच काळांत धान्य, लोणी व जनावरें भरलेलीं गलबतें आयर्लंडहून इंग्लंडास जातच होतीं. मदतीच्या खर्चाची सूत्रें ज्याच्या हातीं होतीं तो सरकारी खजिन्याचा अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन पुढें १८५९ सालीं मद्रासचा गव्हर्नर होऊन आपल्या देशांत आला. २०२१ व २०२२ च्या गणतींत आयर्लंडच्या दोन्ही भागांची मिळून वस्ती सुमारें ७० लाख भरली. म्हणजे १८४१ चा आंकडा त्या बेटानें अजून गांठलेला नाहीं.

कॉनिमाराच्या उत्तरेस मेयो परगण्यांत डूलॉख नांवाचें खोरें आहे. कांहीं सहली त्या वाटेनें जातात. मार्च १८४९ च्या अखेरीस लुइसबर्ग गांवीं मदतीच्या आशेनें जमलेल्या शेंकडों भुकेल्या लोकांस, तपासणीसाठीं दहा-बारा मैलांवरील डेल्फी येथें हजर व्हा, असें सांगण्यांत आलें. कडाक्याच्या थंडींत तीं माणसें चालत गेलीं, रिकाम्या हातीं परतलीं, आणि कित्येकांनीं वाटेंतच प्राण सोडले. त्यांच्या स्मरणार्थ रस्त्याच्या कडेस एक साधा दगड उभा आहे. त्यावर, माणसानें माणसाची मानहानि करण्याविषयीं महात्मा गांधींचें एक वचन कोरलेलें आहे. घरापासून हजारों मैलांवर त्या निर्मनुष्य खोऱ्यांत तें नांव वाचतांना भारतीय माणसाचा पाय तेथून लवकर निघत नाहीं.

परत दक्षिणेस वळल्यावर मोहरचे कडे येतात. समुद्रांतून सरळ सातशें फूट वर चढलेली ती भिंत पाहून डोळे फिरतात. पुढें किलार्नीहून केरीच्या सुमारें ११० मैलांच्या वळशाचा दिवस असतो. रस्ता इतका अरुंद कीं सहलीच्या मोठ्या बसगाड्या घड्याळाच्या उलट दिशेनेंच जातात, म्हणजे दोन बस समोरासमोर अडकत नाहींत. या बाजूस कांहीं गांवांतून आयरिश भाषा अजून बोलली जाते. पाट्यांवरील नांवांकडे लक्ष ठेवावें. ‘किल’नें आरंभ होणाऱ्या नांवांत पुष्कळदां देवळासाठींचा जुना शब्द असतो, ‘बॅली’मध्यें गांवासाठींचा. आपल्याकडील वाडी, खुर्द, बुद्रुक यांप्रमाणें तींहि नांवें बोलकीं आहेत.

सहल पुष्कळदां कॉर्कजवळील कोव्ह बंदरास भेट देऊन डब्लिनकडे वळते. याच धक्क्यावरून लाखों लोक अमेरिकेस गेले. तेथें ॲनी मूर या मुलीचा, दोघां धाकट्या भावांसह उभी असलेला, पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ रोजीं न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नव्यानें उघडलेल्या कचेरींत नोंद झालेली ती पहिली प्रवासी. बसमधील अमेरिकन वृद्ध या पुतळ्यापाशीं रेंगाळतात. त्यांपैकीं अनेकांचे पणजोबा येथूनच गेलेले असतात.

म्हणून जाणाऱ्यानें निघण्यापूर्वीं त्या देशाचा लहानसा इतिहास वाचावा, जाड तळाचे जोडे व पाऊसकोट बरोबर घ्यावा, आणि कमी ठिकाणें पण अधिक वेळ असलेली सहल निवडावी. दुकानापाशीं बस थांबली म्हणजे गांवाच्या टोकापर्यंत चालून यावें. आणि डोंगरावर गवताखालचे ते उंचवटे दिसले, तर वाटाड्यास विचारावें, “येथें कोण राहत होतें?” तो प्रश्न विचारणाऱ्या प्रवाशाला आयरिश माणूस वेळेचा हिशेब न पाहतां सांगूं लागतो.