आयोवातली कॉकसची रात्र

आपल्याकडे निवडणूक आली की तिकिटाची चर्चा सुरू होते. उमेदवाराचं 'इलेक्टिव्ह मेरिट' काय, हा निवडून येईल का, हे पक्षश्रेष्ठी बंद दाराआड ठरवतात. अमेरिकेत अध्यक्षपदासाठी हेच मोजमाप साधे मतदार करतात. आणि आयोवा नावाच्या मक्याच्या शेतांच्या राज्यात ते कित्येक वर्षं शेजाऱ्यांच्या देखत, उभ्या उभ्या व्हायचं. त्या प्रथेचं नाव कॉकस. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे.

इतिहास थोडक्यात सांगते. १९६८ साली शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षात मोठा गोंधळ झाला. त्यानंतर नियम बदलले, उमेदवार निवडीच्या प्रत्येक पायरीला पुरेसा वेळ द्यायचं ठरलं. आयोवात पायऱ्या चार: आधी गावातली सभा, मग काउंटी, मग जिल्हा, मग राज्य. कागद सायक्लोस्टाइल करायचं मशीन जुनं, संथ. राज्याच्या सभेपासून मागे मोजत मोजत पहिली सभा जाऊन पडली १९७२ च्या जानेवारीत, देशात सगळ्यांच्या आधी. चार वर्षांनी जिमी कार्टर नावाचे फारसे कुणाला माहीत नसलेले गृहस्थ तिथे घरोघरी फिरले आणि पुढे अध्यक्ष झाले. तेव्हापासून आयोवाकडे सगळ्यांचं लक्ष.

आता मला या विषयाचं वेड लावणारी गोष्ट. माझा मावसभाऊ तिथे एम्सला शिकत होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या एका कॉकसला तो नुसता बघायला गेला, आणि रात्री फोनवर तासभर तेच सांगत राहिला. संध्याकाळचे सात. शाळेचा जिम. बाहेर बर्फ, आत लोक जाड कोट काढून भिंतीकडेनं उभे. या कोपऱ्यात एका उमेदवाराचे, त्या कोपऱ्यात दुसऱ्याचे. चिठ्ठी नाही, पेटी नाही. डोकी मोजायची. आणि ज्या गटात हजर लोकांच्या १५ टक्केही माणसं नाहीत, तो गट बाद.

नीट ऐका, खरी गंमत इथे आहे. गट बाद, माणसं बाद नाहीत. त्यांना साधारण अर्धा तास मिळायचा. त्या अर्ध्या तासात बाकीचे कोपरे त्यांच्याकडे धावायचे. मुलांच्या शिक्षिका, दुकानदार, शेजारचे शेतकरी येऊन म्हणायचे, "तुमचा माणूस चांगला होता हो, आता आमच्याकडे या." मग वाद व्हायचा. "तुमचा उमेदवार पटतो मला, पण तो ओहायोत जिंकेल का?" "पेन्सिल्व्हेनियातले कामगार त्याला मत देतील का?" कोपऱ्यातला माणूस विचार करायचा, बायकोकडे बघायचा आणि सगळ्यांसमोर चालत दुसऱ्या कोपऱ्यात जायचा. म्हणजे पुन्हा सांगते: १५ टक्क्यांखालचा गट मोडायचा, आणि त्या माणसांची दुसरी पसंती निकाल फिरवू शकायची. मला अजूनही वाटतं, लोकशाही डोळ्यांनी दिसावी अशी जागा हीच होती.

यातलं २००४ चं वर्ष फार बोलकं. महिनोन् महिने हवा होती हॉवर्ड डीन यांची. इराक युद्धाला त्यांचा उघड विरोध. पण लोकांच्या मनात एकच, अध्यक्ष बुशना हरवेल कोण? जॉन केरी व्हिएतनाममध्ये लढलेले. कॉकसच्या तोंडावर केरींच्या सभेत एक माणूस येऊन उभा राहिला; ज्याला त्यांनी युद्धात नदीतून ओढून बोटीवर घेतलं होतं, तोच. डीनबरोबर फिरलो पण लग्न केरीशी केलं, अशी घोषणाच त्या दिवसांत निघाली. केरी पहिले, ३८ टक्के. जॉन एडवर्ड्स दुसरे. डीन तिसरे, १८ टक्क्यांवर.

आणि दुसऱ्या क्रमांकाचा तो कोपरा बघा. जुलैत केरींनी उपाध्यक्षपदासाठी जोडीदार निवडला तो हाच, एडवर्ड्स. १९८० मध्येही असंच. रिपब्लिकनांच्या कॉकसमध्ये थोरल्या बुशनी रेगनना हरवलं. पुढे रेगननी बाजी मारली आणि बुशनाच जोडीदार म्हणून घेतलं. हरलेल्याच्या मागे किती माणसं आहेत, हे अशा पहिल्या लढतीत सगळ्या देशाला दिसतं.

केरी २००४ च्या नोव्हेंबरात हरले. एडवर्ड्स यांचं नॉर्थ कॅरोलायना मिळालं नाही, आणि आयोवाही दहा हजारांच्या आसपास मतांनी गेलं. इतरांना कोण आवडेल, हा अंदाज असा फसतो. म्हणून तर तो चारचौघांत, कारणं देऊन करावा असं मला वाटतं.

या प्रथेच्या उणिवा खऱ्या होत्या. रात्रपाळीवाला येऊ शकत नसे, तान्ह्या बाळाची आई येऊ शकत नसे, गुप्त मतदानही नव्हतं. २०२० मध्ये निकाल कळवायचं ॲप बंद पडलं, आकडे कितीतरी दिवस लांबले, बायडन चौथे आले. ते सावरले साउथ कॅरोलायनात. २०२४ ला डेमोक्रॅटिक पक्षानं पहिला मान त्याच राज्याला दिला. आयोवातल्या डेमोक्रॅटांनी टपालानं मतांची कार्डं पाठवली. रिपब्लिकन अजून सभेला जमतात, पण ते कागदावर मत देतात.

वेळ संपत आल्याची खूण मला झालीय, तरी एवढं सांगू द्या. टपालानं जास्त लोकांना मत देता येतं, हे मला मान्य आहे, आणि ते हवंच. पण त्या कार्डावर दुसरी पसंती कुणी विचारत नाही. तुमचा माणूस बाद झाला, आता आमच्याकडे का यावं, हे समजावायला शेजारी येत नाही. तो अर्धा तास तरी कुठल्यातरी रूपात परत यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.