गर्भारपणातील रक्तदाब आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर



गर्भारशीला आकडी आली म्हणजे एके काळी बाहेरच्या बाधेची शंका घेतली जाई. आज तसे म्हणणारे थोडे. परंतु "पहिलटकरणीच्या पायांना सूज यायचीच" असे सांगून डॉक्टरकडे जाणे लांबविणारी मंडळी अजून आढळतात. सूज पुष्कळदा निरुपद्रवी असते, हे खरे. पण कधी कधी सूज आणि आकडी या दोहोंचे मूळ एकच असते, आणि ते म्हणजे रक्तवाहिन्यांचे बिघडलेले अस्तर. त्याविषयीच आम्ही आज बोलणार आहोत.

गर्भारपणी आईचे रक्त जवळजवळ दीडपट होते. मग दाबही वाढावयास हवा! पण निरोगी स्त्रीचा दाब मधल्या महिन्यांत उलट किंचित उतरतो. कारण अस्तरात तयार होणाऱ्या द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात. गर्भाशयातील नागमोडी वाहिन्यांत तर वारेच्या पेशी शिरतात आणि त्यांना रुंद करतात. आपल्या गोदामांचेच पाहा ना. बोळ रुंद असेल तरच मालमोटार दारापर्यंत येते. काही स्त्रियांत हा बोळ अरुंदच राहतो. उपाशी वार मग आईच्या रक्तात अशी प्रथिने सोडते की त्यांनी सर्वांगातील अस्तर दुखावते. वाहिन्या आवळतात, म्हणून दाब चढतो. त्या झिरपतात, म्हणून सूज येते व लघवीतून प्रथिन जाते. मेंदूपर्यंत हा बिघाड पोहोचला की आकडी येते. अशा एका प्रथिनाचा प्रताप बॉस्टनच्या डॉ. अनंत करुमंची यांच्या गटाने २००३ साली उंदरांवर दाखवून दिला.

मॅग्नेशियम सल्फेटने आकडीचा धोका निम्म्यावर येतो, हे ३३ देशांतील सुमारे १०,००० स्त्रियांवरील चाचणीने २००२ साली सिद्ध केले. तथापि विकाराचा खरा शेवट प्रसूती होऊन वार पडल्यावरच होऊ लागतो. आणि त्यानंतरही काही दिवस जपावे लागते.

मुख्य अडचण ही की चढलेला दाब बहुधा दुखत नाही. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगडीखाली कळ येणे ही लक्षणे उशिराची. ती दिसताच रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. तोवर वाट का पाहावी? २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्यासाठी एक दिवसाचा रोज बुडेल, पण दोन जीव वाचतील. सुनेला "जेवलीस का?" असे आपण विचारतोच, त्याच्या जोडीला "दाब किती निघाला?" हेही विचारीत जा. १४०/९० हा आकडा घरातील पुरुषांनाही पाठ असावा, एवढीच आमची विनंती आहे.