भरपाई म्हणजे दान नव्हे



पूर आला की आम्ही वर्गणी काढतो, धान्य-कपडे वाटतो. ते करावेच. पण ज्यांच्या धंद्याने हवा तापली, त्यांच्याकडे हिशेब कोण मागणार?

अमेरिकेतील व्हर्माँट या चिमुकल्या राज्याने तो मागितला. जुलै २०२३ च्या पुरात तेथील राजधानी माँटपेलियरची बाजारपेठ बुडाली. मे २०२४ मध्ये राज्याने कायदाच केला. राज्यपालांनी सही केली नाही, तरी झाला! १९९५ ते २०२४ या काळात ज्या तेल-कोळसा कंपन्यांच्या मालातून १०० कोटी टनांहून अधिक हवा तापविणारे वायू निघाले, त्यांनी राज्याच्या नुकसानीतला आपापला वाटा भरायचा.

आधी कंपन्यांची संघटना, मग २०२५ मध्ये केंद्र सरकारही या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. कोर्टाची पायरी आम्हांस नवी नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. हायकोर्टाचा निकाल १९३७ साली मिळाला.