चाकू, डाळिंब आणि खिसा



चाकू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटातला खलनायक येतो. खटकन आवाज व्हायचा, पातं लखकन बाहेर यायचं आणि थिएटरात शांतता पसरायची. रामपुरी! उत्तर प्रदेशातल्या रामपूर शहराचं नाव या चाकूमुळे इतकं दूरवर गेलं, की २०२३ साली त्या शहराने आपल्या एका चौकात वीस फुटी चाकूच उभा केला. पण या कीर्तीचा एक तोटाही झाला. साधा, छोटा, कामाचा घडीचा चाकू सज्जन माणसाच्या खिशातून जो गेला तो गेलाच. आज एखाद्या गृहस्थाने एसटीत पेरू कापायला खिशातून चाकू काढला, तर शेजारचा प्रवासी आधी जरा सरकून बसेल आणि मग पेरूची फोड घेईल.

असा एक चाकू गेले पंधरा दिवस माझ्या खिशात आहे. त्याच्याशी झालेली पहिली ओळख आज तुम्हाला सांगायची आहे.

माझी भाची फ्रान्समध्ये ग्रनोबल इथे शिकते. सुटीला सोलापूरला येताना तिने तो मामासाठी आणला. विमानात चाकू हातातल्या पिशवीत ठेवता येत नाही, म्हणून मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणला. नाव ओपिनेल. फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात सावोय नावाचा प्रांत आहे. तिथे शेतीची धारदार हत्यारं घडवणाऱ्या एका घराण्यातल्या जोसेफ ओपिनेल नावाच्या तरुणाने १८९० साली हा चाकू तयार केला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. गिऱ्हाईक कोण? गावातले शेतकरी, गुराखी, द्राक्षमळेवाले. पाव कापायचा, चीज कापायचं, फांदी तासायची, दोरी तोडायची. पुढे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमांक दिलेले आकार निघाले. माझा आठ नंबरचा. पातं साडेआठ सेंटिमीटरचं, मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. खिशात आहे की नाही, हे चाचपून पाहावं लागतं.

पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा, खरं सांगू, थोडा हिरमोड झाला. परदेशी चाकू म्हणजे त्याला बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री खिळा, कात्री, कानस, दात कोरायची काडी असं सगळं असेल, अशी माझी कल्पना. तो चाकू वेगळा. तो स्वित्झर्लंडचा. कार्ल एल्सनर यांनी १८९१ साली तिथल्या सैनिकांसाठी तसे चाकू पुरवायला सुरुवात केली, आणि आज आपण ओळखतो तो लाल मुठीचा चाकू त्यातूनच वाढत गेला. माझ्या हातात मात्र एक लाकडाचा दांडका, एक पातं, एक खीळ आणि गळ्याशी लोखंडी कडं, एवढंच होतं. आपल्या घिसाड्याच्या पालावर ठेवला असता तर परका वाटला नसता.

उघडायला गेलो तर दोन्ही हात लागले. पात्याच्या बाजूला नखाएवढी खाच आहे. तीत नख अडकवायचं, पातं सावकाश बाहेर ओढायचं, आणि पूर्ण उघडलं की गळ्याजवळचं कडं फिरवायचं. कड्याला एका बाजूने फट आहे. ती पात्यासमोर असेल तेव्हाच पातं मिटतं. कडं थोडं फिरवलं की पात्याची वाट बंद. हे कडं १९५५ साली आलं. त्याआधी जोर देताना पातं अचानक मिटून बोटावर येण्याचा धोका असे. किती साधी युक्ती! ना स्प्रिंग, ना बटण.

इथेच मला रामपुरीचा आणि या चाकूचा फरक कळला. रामपुरीची सगळी शान उघडण्यात. तो समोरच्याला दाखवण्यासाठी उघडायचा असतो. हा चाकू कुणाला दाखवावा असा उघडतच नाही. तो उघडताना माणूस भांडखोर दिसत नाही, चष्म्याचं घर उघडणाऱ्या आजोबांसारखा दिसतो. राग आलेल्या माणसाला इतका धीर नसतो.

आणि श्रोतेहो, घडी घालायचं पातं आपल्याला नवं थोडंच आहे? आपल्या आजीची विळी आठवा. काम झालं की पातं पाटावर आडवं मिटायचं आणि विळी भिंतीला टेकून उभी करायची. उघडी विळी दिसली की घरातली वडीलधारी माणसं ओरडायची. आजोबांच्या चंचीत अडकित्ता असायचा. सुपारी कातरून झाली की तोही मिटून पुन्हा चंचीत. सुरी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि त्याने उचलायची. हातात दिली तर भांडण होतं म्हणत. भांडण होवो न होवो, बोट मात्र वाचायचं. म्हणजे धारदार वस्तूबरोबर राहण्याची एक रीत आपल्याकडे होती. फक्त ती स्वयंपाकघरात आणि ओसरीवर राहिली, खिशापर्यंत आली नाही.

आता कामाचं बोलू. सोलापुरात चाकूची पहिली परीक्षा कशावर घ्यायची? डाळिंबावर! २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं डाळिंब, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आपल्याच केगावला. डाळिंब कापण्यात एक खुबी आहे. मधोमध सपकन कापलं तर दाणे चिरडतात आणि शर्ट रंगतो. वरचा मुकुट तेवढा उथळ कापून काढायचा, मग आत पांढऱ्या पडद्यांच्या रेघा दिसतात, त्या रेघांवरून सालीला वरून खाली हलक्या चिरा द्यायच्या आणि हाताने पाकळ्या उकलायच्या. इथे जोर कामाचा नाही, पातं पातळ हवं आणि टोक हुकमी हवं. या चाकूचं पातं दोन मिलिमीटरांहून पातळ आहे. सालीत शिरलं आणि दाण्याला न दुखवता थांबलं. एकही दाणा फुटला नाही. माझा हिरमोड तिथेच संपला.

फडक्याने वरवर पुसून चाकू मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडून पाहतो तर कालचं चकचकीत पातं निळं-काळं! घरातून लगेच शेरा आला, "एवढा फ्रान्सहून आणला आणि एका डाळिंबात खराब झाला."

खराब झाला नव्हता. हे पातं स्टेनलेसचं नाही. त्यात सुमारे नऊ दशांश टक्के कार्बन असलेलं साधं पोलाद आहे. डाळिंबाच्या सालीत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. शतकानुशतकं लिहायची काळी शाई याच मेळातून बनत होती, आणि डाळिंबाच्या सालीने कापड रंगवणारे रंगारीही लोखंडाचा उतारा देऊन करडा-काळा रंग आणत. केळफूल किंवा कच्ची केळी चिरल्यावर आपली लोखंडी विळी काळी पडते, तोच हा प्रकार. हा डाग पात्याला खात नाही, उलट गंजापासून थोडाफार राखतो. काळा-निळा डाग असेल तर काळजी नको. तांबूस आणि खरखरीत दिसला तर तो गंज. तो मात्र लगेच घासून काढायचा. मग उपाय आजीचाच. धुवायचं, कोरडं पुसायचं, खाण्याच्या तेलाचं बोट फिरवायचं.

लाकडी मुठीचीही एक खोड आहे. लाकूड पाणी प्यालं की फुगतं आणि पातं आत आवळून धरतं. कोकणातल्या पावसाळ्यात हा चाकू उघडायला पैलवान बोलवावा लागेल. आपल्याकडे वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. सोलापूरची हवा या चाकूला मानवते! आपल्या कोरड्या हवेचं कौतुक करायची संधी आयुष्यात फार वेळा येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पंधरा दिवसांत त्याने कांद्याच्या पोत्याची सुतळी तोडली, पार्सलं उघडली, पेन्सिलीला टोक केलं, चादरीचा निघालेला दोरा काढला, काकड्या-पेरू किती कापले याची गणती नाही. मग तो घेऊन मी सांगोल्याला दाजींच्या, म्हणजे भाचीच्या वडिलांच्या, डाळिंबाच्या बागेत गेलो. मनात होतं, दाजी खूश होतील. दाजींनी चाकू उघडला, अंगठ्याने धार आडवी चाचपली, एक डाळिंब उकलून खाल्लं. मग खिळीजवळच्या सांध्यात टोकाने थोडं कोरून पाहिलं आणि म्हणाले, "पाव्हणं, घरात लई ग्वाड हाय ह्यो. पर बागंत झाडाला लावू नगा. सांध्यात चीक ऱ्हातोय."

त्या एका वाक्यामागे काय आहे, हे डाळिंबवाल्या श्रोत्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. तेल्या हा डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग. पानांवर, फळांवर तेलकट डाग पडतात, पुढे फळ तडकतं. या शतकाच्या पहिल्या दशकात तेल्याने आपल्या जिल्ह्यातल्या उभ्या बागा घालवल्या. कर्ज काढून लावलेली झाडं माणसांनी स्वतःच्या हाताने उपटून जाळली. हा रोग पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून पसरतो, रोगट रोपांतून पसरतो आणि छाटणीच्या हत्यारातूनही पसरतो. एका आजारी झाडाची फांदी कापलेली कात्री तशीच दुसऱ्या झाडाला लावली, की रोग पुढच्या झाडात गेलाच म्हणून समजा. म्हणून छाटणी करताना एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाण्याआधी कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घ्यायची असते. आता हे द्रावण साध्या पोलादाला गंजवतं, आणि घडीच्या चाकूच्या सांध्यात, मुठीच्या खाचेत साचलेला चीक ते नीट धुऊनही काढत नाही. जे सांधा असल्यामुळे खिशात सोयीचं, तेच सांधा असल्यामुळे बागेत धोक्याचं. दाजींनी हे अर्ध्या मिनिटात ओळखलं. हातातल्या वस्तूची धार आपण सगळेच पाहतो. तिच्यावर मागच्या कामाचं काय उरलंय, हे पाहणारा माणूस विरळा.

म्हणून या चाकूबद्दल माझा पहिला अभिप्राय असा. घरात, प्रवासात, हुरड्याच्या शेतात, फराळाच्या डब्याशेजारी तो उत्तम. छाटणीला आणि कलमाला नको. तिथे सहज धुता येणारी, निर्जंतुक करता येणारी हत्यारंच हवीत. आणि तेल-पुसणं ज्यांना जमणार नाही, त्यांनी स्टेनलेसच्या पात्याचा घ्यावा. तोही मिळतो.

कायद्याचंही थोडं. शस्त्र परवान्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे, आणि त्यातून घरगुती, शेतीची, शास्त्रीय व औद्योगिक कामाची हत्यारं वगळली आहेत. साडेतीन इंचांचा हा चाकू त्या मापात कुठेच बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७व्या कलमाखाली सण, निवडणूक, तणावाच्या काळात मनाई आदेश निघतात, त्यांत चाकूही येतो. तेव्हा गड्ड्याच्या यात्रेला, मिरवणुकीला, सभेला जाताना तो घरी ठेवावा. गर्दीत कुणी डाळिंब सोलत नाही.

धार लावायला तुम्हाला परदेशी दगडही लागत नाही. सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला भेटला, तर त्याला ठिणग्या उडवू देऊ नका. इतकं पातळ पातं तापलं की मऊ होतं. साध्या सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून दोन्ही बाजूंनी सारख्या हाताने पाजवायचं. पाच मिनिटांचं काम.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. विणकर मागाची करतो, सुतार रंध्याची, शेतकरी नांगर-कुळवाची. ज्या वस्तूने पोट भरतं तिला वर्षातून एकदा पुसून, हळदकुंकू लावून पाटावर ठेवायची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. त्या पाटावर एका कोपऱ्यात या छोट्या चाकूला जागा मिळायला हरकत नाही. अट एवढीच, की तिथे ठेवताना तो धुतलेला असावा, कोरडा असावा आणि मिटलेला असावा.