बहिणीची पत्रं कुठे आहेत?

मोठ्या माणसांची पत्रं आपण हौसेनं वाचतो, आणि पुढाऱ्यानं बहिणीला लिहिलेली असली तर जरा जास्तच हौसेनं. जाहीर सभेत न बोललेलं तिथं सापडेल अशी आपली आशा असते, आणि ती बरेचदा खरीही ठरते. जवाहरलाल नेहरूंच्या अशा पत्रांची दोन पुस्तकं तर सहज आठवतात. धाकट्या बहिणीनं, कृष्णा हाथीसिंग यांनी, आपल्याला आलेली पत्रं १९६३ साली छापली. थोरल्या बहिणीला, विजयालक्ष्मी पंडितांना लिहिलेली पत्रं त्यांच्या कन्या नयनतारा सहगल यांनी २००० साली 'बिफोर फ्रीडम' या नावानं संपादित केली. दोन्ही पुस्तकं जरूर वाचावीत. माझी तक्रार एकच आहे, आणि मिळालेली मिनिटं मी तिच्यावरच खर्च करणार आहे. या पुस्तकांचा कणा म्हणजे भावाची पत्रं. बहिणीची पत्रं कुठे आहेत? भावानं लिहिलं ते कशाला उत्तर म्हणून लिहिलं, हे आपण विचारतच नाही. चरित्रकार विचारत नाहीत, प्रकाशक विचारत नाहीत, आणि राग मानू नका, आपण वाचकही विचारत नाही.

जात्याचं पाहा. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. खुंटा दोघींच्या हातात असतो. एकीनं ओढायचा, दुसरीनं सोडायचा, आणि मधूनच एकीनं मूठभर दाणे तोंडात वैरायचे. बाहेर पडतं ते पीठ. आता पीठ हातात घेऊन, वैरलं काय होतं हे न विचारता, पीठ पांढरं का आणि भरड का यावर कोणी व्याख्यान देऊ लागला तर त्याला आपण शहाणा म्हणणार नाही. ज्वारी वैरली असेल तर ज्वारीचंच पीठ पडणार. आणि वैरणारीचा हात आखडला तर जातं नुसतंच फिरतं, दगडावर दगड घासतो. पुढाऱ्याची पत्रं वाचताना आपण नेमकं हेच करतो. पीठ तपासतो आणि वैरणारा हात विसरतो.

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एक पुरावा देतो. साल १९५०. कोरियात जूनपासून युद्ध पेटलेलं. विजयालक्ष्मी वॉशिंग्टनमध्ये आपल्या राजदूत होत्या. संयुक्त राष्ट्रांत चीनच्या खुर्चीवर अजून चँग कै-शेकचं सरकार बसलेलं होतं आणि ती खुर्ची पेकिंगच्या नव्या सरकारला मिळावी असा नेहरूंचा आग्रह होता. ऑगस्टच्या अखेरीस नेहरूंनी बहिणीला कळवलं की सुरक्षा परिषदेतली चीनची कायम जागा काढून ती भारताला द्यायच्या कल्पनेला आपण पाठिंबा देणार नाही. भारताचा अशा जागेवर हक्क जरूर आहे, पण चीनच्या जिवावर ती घ्यायची नाही. एवढंच पत्र वाचलं की माणसं दोन तट करतात. एक तट म्हणतो, बघा, सोन्यासारखी जागा पायानं लोटली. दुसरा तट १९५५ सालच्या सप्टेंबरमधलं लोकसभेतलं नेहरूंचं निवेदन पुढे करतो. असा कोणताही प्रस्ताव, औपचारिक किंवा अनौपचारिक, आलेलाच नाही, असं त्यांनी तिथं सांगितलं होतं. दोन्ही तटांच्या हातात भावाचेच शब्द आहेत, आणि ते एकमेकांना छेद देतात. मग निवाडा कशानं करायचा? बहिणीच्या पत्रानं. नेहरूंच्या उत्तराच्या आठवडाभर आधी तिनं लिहिलं होतं की अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात असं काहीतरी शिजतं आहे. डलेस आणि जेसप या अमेरिकी मुत्सद्द्यांची नावं तिनं दिली होती, या कल्पनेला अनुकूल जनमत तयार करायला एका पत्रकाराला सांगण्यात आलं हे कळवलं होतं, आणि त्याला घाई करू नका असं आपण सुचवल्याचंही लिहिलं होतं. हा पत्रव्यवहार तिच्या कागदपत्रांत होता. २०१५ साली एका संशोधकानं वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरतर्फे तो पुढे आणला, तेव्हा कुठे या वादाला जमीन मिळाली.

पुन्हा सांगतो, कारण हा मुद्दा निसटण्यासारखा आहे. भावाच्या पत्रात नकार आहे. नकार कशाला आहे, ते बहिणीच्या पत्रात आहे. रीतसर देकार होता, की दालनातली कुजबुज, की एखाद्या मुत्सद्द्यानं पाण्याची खोली पाहायला टाकलेला खडा, हे तिच्या पत्रावरून ठरवायचं. ते वाचल्यावर पहिल्या तटाचा 'लोटलेली जागा' हा शब्द जड वाटू लागतो, आणि दुसऱ्या तटाचा 'काहीच नव्हतं' हा शब्द हलका.

आता कोणी म्हणेल, हे सरकारी कामकाज झालं. राजदूतानं पंतप्रधानांना लिहिलं. ती बहीण होती हा योगायोग. घरगुती पत्रांचं काय? योगायोग म्हणायला माझी हरकत आहे. आपल्या परराष्ट्र खात्याला जाणारं पत्र वेगळं आणि भावाला जाणारं वेगळं. कोण काय कुजबुजलं हे माणूस खात्याला जपून लिहितो, भावाला मोकळेपणानं लिहितो. पण घरगुती पत्रंच पाहायची तर तीही पाहू. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते. पत्रं घरच्यांना लिहायची, घरगुती गोष्टींविषयी लिहायची आणि ती वाचून पुढे सोडायला सरकारी माणूस बसलेला. म्हणजे घरगुती काय आणि राजकीय काय, ही रेघ भावानं आखलेली नव्हती आणि बहिणीनंही नव्हती. ती तपासनिसानं आखली होती. आज संपादक तीच रेघ गिरवतात आणि 'कौटुंबिक' पत्रं वेगळ्या गठ्ठ्यात बांधतात, याचं मला नवल वाटतं.

कारण त्या वर्षांत बहिणीच्या घरी काय चाललं होतं ते पाहा. विजयालक्ष्मींचे पती रणजित पंडित हे मूळ कोकणातल्या, काठेवाडात स्थायिक झालेल्या घराण्यातले. 'राजतरंगिणी'चं इंग्रजी भाषांतर करणारे विद्वान. तुरुंगातून सुटले ते आजारी होऊन, आणि जानेवारी १९४४ मध्ये गेले. तीन मुली, मुलगा नाही, मृत्युपत्र नाही. सासरच्या मालमत्तेचा वाद उभा राहिला आणि मुलगा नसलेल्या विधवेची कायद्यापुढं काय अवस्था होते हे स्वतः मंत्रिपद भूषवलेल्या या बाईंना भोगावं लागलं. १९७९ सालच्या आत्मचरित्रात त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. भाऊ त्या वेळी किल्ल्याच्या भिंतीआड होता. पुढे तोच भाऊ पंतप्रधान असताना १९५६ चा हिंदू वारसा कायदा झाला. बहिणीच्या दुःखातून कायदा निघाला, असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. त्यामागं कितीतरी वर्षांची चळवळ होती, आंबेडकरांचा राजीनामा होता. पण या भावाचे विचार समजून घेताना घरातून त्याच्याकडे काय येत होतं, हा प्रश्न गैरलागू कसा?

आणखी एक आक्षेप वजनदार आहे. बहिणीला खाजगीपण नाही का? भाऊ सार्वजनिक माणूस झाला, म्हणून तिचीही पत्रं चव्हाट्यावर आणायची? बरोबर आहे; छापायचं की नाही हे तिनं, तिच्यामागं घरच्यांनी ठरवावं. पण छापणं वेगळं आणि जपणं वेगळं. जपलेलं पत्र पन्नास वर्षांनी उघडता येतं, रद्दीत गेलेलं कधीच नाही. शिवाय खाजगीपणाचा हा कळवळा भावाची पत्रं छापताना नेमका कुठं जातो? आणि ज्यांना वाटतं की उत्तरावरून प्रश्न ओळखता येतो, त्यांना एवढंच सांगेन की नेहरूंच्या त्या नकारावरून जनमत तयार करायला सांगितलेल्या पत्रकाराचा पत्ता तुम्हाला लागला असता का?

ही नेहरूंच्याच घरची कहाणी आहे असं नाही. इंग्लंडचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन आयडा आणि हिल्डा या दोन बहिणींना आळीपाळीनं, आठवड्याच्या आठवड्याला, १९१५ पासून १९४० पर्यंत लिहीत राहिले. त्या पत्रांचे जाडजूड चार खंड निघाले आहेत. सप्टेंबर १९३८ मध्ये हिटलरला भेटून आल्यावर, हा माणूस दिल्या शब्दाला जागेल असं वाटतं, हे त्यांनी आयडाला कळवलं, आणि ते वाक्य प्रत्येक इतिहासकार वापरतो. बहिणींची पत्रंही बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्या बायका काही घरकोंबड्या नव्हत्या. स्थानिक कारभारात वावरणाऱ्या, मतं असणाऱ्या होत्या. त्यांनी भावाला दुजोरा देऊन देऊन त्याचा आत्मविश्वास फुगवला, की कुठं टोकलं, यावर पुष्कळ बोलता येईल, शिवाय थोरला सावत्रभाऊ ऑस्टिनही याच दोघींना लिहीत असे, म्हणजे एका घरात दोन जाती फिरत होती आणि वैरणाऱ्या त्याच... पण समोरचा काटा मला थांबायला सांगतो आहे.

तेव्हा मागणं एवढंच. पुढाऱ्याच्या पत्रांचं पुस्तक हाती आलं की आधी प्रस्तावना चाळा आणि उत्तरं कुठं ठेवली आहेत ते बघा. लिहिलेलं नसेल तर प्रकाशकाला एक कार्ड टाकून विचारा. आणि तुमच्या घरच्या ट्रंकेत मामांची पत्रं नीट बांधून ठेवलेली असतील, तर आईनं मामांना लिहिलेली कोणाकडे आहेत, याची या सुट्टीत चौकशी करा. मामेभावाच्या माळ्यावर असली तर आत्ताच मागून घ्या. दिवाळीची सफाई फार दूर नाही.